टिप न देणारा शेअरचा क्लास: आठ रविवारांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे बारा माग आहेत. माग नवरा बघतो, हिशेब माझ्याकडे. 2021 साली एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या टिपेवर घेतलेल्या शेअरमध्ये आमचे 82 हजार गेले. सुताच्या दरात दोन रुपये सुटावेत म्हणून दहा फोन करणारी मी, पण ती कंपनी बनवते काय हेही पाहिलं नव्हतं. ते फार मनाला लागलं, म्हणून सात रस्त्याजवळचा हा क्लास लावला. फी 1,800. शिकवणारे सर निवृत्त बँक अधिकारी.

पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "सर, आत्ता कुठला घ्यावा?" सर म्हणाले, "ते इथं मिळणार नाही. फी घेऊन तसा सल्ला द्यायला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते, ती माझ्याकडे नाही." दोघं-तिघं पुढच्या रविवारी आलेच नाहीत. माझा विश्वास मात्र तिथंच बसला.

मग फळ्यावर एक कारखाना आला. मजुरी, वीज, घसारा (यंत्रांची झीज), कर जाऊन वर्षाला सहा लाख उरतात, मालक एक कोटी मागतोय. "ताई, घेताल का?" नफ्याच्या जवळजवळ सतरा पट! नाही म्हटलं. माझ्या अंदाजानं किंमत साठ लाख. "मग साठला घ्या की." तरी नाही. सूत महागलं, मोठं गिऱ्हाईक तुटलं तर? चाळीसला मिळाला तर बघू. "हे मधले वीस लाख म्हणजे मार्जिन ऑफ सेफ्टी," सर म्हणाले. नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे ज्यांचे विद्यार्थी, त्या बेंजामिन ग्रॅहम यांची ही कल्पना. आम्ही धंद्यात रोज हेच करतो, शेअर घेताना मात्र विसरलो होतो.

पाचवा रविवार सगळ्यात भारी. नाव झाकलेल्या एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाटला. नफा 11 कोटी, तीन वर्षं चढता. सगळे खूश. मग सरांनी रोख प्रवाहाचं पान उघडायला लावलं: धंद्यातून आलेली रोकड उणे! येणं बाकी दुप्पट झालेलं. मला लगेच उमगलं. व्यापाऱ्याला नव्वद दिवसांच्या उधारीवर माल दिला की बिल फाडल्या दिवशी वहीत नफा दिसतो, पण पगाराच्या दिवशी हातात पैसा नसतो. त्याच रात्री बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवरून, माझ्याकडे ज्यांचे शेअर होते त्या चार कंपन्यांचे अहवाल काढले. फुकट मिळतात. दोन शेअर महिन्याभरात विकले.

घरच्या अभ्यासाला आपल्या सोलापूरच्याच बालाजी अमाइन्स आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपन्या होत्या. घ्या म्हणून नव्हे, वाचायची सवय लागावी म्हणून. 23 मार्च 2020 ला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडला, त्यावरही सरांचा प्रश्न एकच: कंपनीची कमाई कायमची गेली, की नुसता भाव पडला?

उणिवा आहेत. शेअर विकायचा कधी, यावर अर्धा तासही दिला नाही. माझ्या मते त्याला एक अख्खा रविवार हवा. कर तर दहा मिनिटांत उरकला. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरवर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्याला 12.5 टक्के, एवढंच हाती लागलं. बँकांचा ताळेबंद माझ्या डोक्यावरून गेला.

पुढची तुकडी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावर सुरू होणार आहे. मागून फळा दिसत नाही, पुढच्या दोन रांगांत जागा धरा. मी धाकट्या जावेचं नाव घातलंय.