हिस्सा घ्यायचा की हक्क धरून ठेवायचा? माओरी आणि मिकमाक मच्छीमारांचे दोन रस्ते

मच्छीमार सोसायटीची मीटिंग बसली की एक प्रश्न फिरून फिरून येतोच, पैसे किंवा कंपनीत हिस्सा घेऊन विषय मिटवायचा की समुद्रावरचा हक्क धरून बसायचं? तुमच्यासमोर हाच निर्णय असेल तर न्यूझीलंडचे माओरी आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे मिकमाक यांच्याकडे एकदा नीट बघा, दोघेही मूळचे तिथलेच, दोघांकडेही जुने तह, पण रस्ते वेगळे.

आधी माओरी. 1840 च्या वायटांगी तहात त्यांची मासेमारी त्यांच्याकडेच राहील असं लिहिलेलं होतं, तरी 1986 ला सरकारने कोटा सिस्टीम, म्हणजे कोणी किती मासे पकडायचे याचा ठरलेला वाटा, आणली आणि कोटा दिला तो आधीच्या पकडीच्या रेकॉर्डवर, म्हणजे मोठ्या बोटीवाल्यांना जास्त. माओरी कोर्टात गेले आणि 1992 ला सरकारशी सेटलमेंट झालं. सरकारच्या 15 कोटी न्यूझीलंड डॉलरमधून सीलॉर्ड या मोठ्या मासेमारी कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला, शिवाय पुढे कोट्यात येणाऱ्या माशाच्या प्रत्येक नव्या जातीचा 20 टक्के कोटा त्यांचा. हे खरंच मोठं आहे, असं किती जणांना मिळालं? पण बदल्यात व्यापारी मासेमारीवरचे तहातले दावे कायमचे बंद. आणि मिळालेलं आपसात वाटायचं कसं, किनाऱ्याच्या लांबीवर की डोकी मोजून, या भांडणात वाटणीचा कायदा यायला 2004 उजाडलं. आज बऱ्याच इवी, म्हणजे जमाती, आपला कोटा वर्षावर्षाच्या बोलीने भाड्याने देतात, पैसा येतो पण बोटीवर पोरं आपलीच असतील असं नाही, मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. मयतासाठी किंवा कार्यासाठी मासे लागले तर नेमलेला राखणदार लेखी परवानगी देतो, कुठला मासा, किती, कुठून, कोणत्या दिवशी, सगळं त्यात लिहिलेलं, पण त्यातला एकही विकायचा नाही.

आता मिकमाक. 1993 ला डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी लायसन्स नसताना 463 पाउंड वाम पकडून विकली, आले 787 डॉलर 10 सेंट, आणि तेवढ्यावर केस झाली. ती सुप्रीम कोर्टात गेली, 1999 ला कोर्टाने सांगितलं की 1760-61 च्या तहांप्रमाणे मासे पकडून विकून माफक उपजीविका करायचा त्यांना हक्क आहे. पण माफक म्हणजे किती? ते कोर्टाने आकड्यात सांगितलं नाही, आणि दोनच महिन्यांत खुलासा केला की योग्य कारण असेल तर सरकार नियम लावू शकतं. 'माफक' या एका शब्दापायी 20 वर्षं भांडणं. 2020 च्या सप्टेंबरात सिपेकनेकाटिक या मिकमाक समाजाने कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात स्वतःची लायसन्सं काढून शेवंड पकडायला सुरुवात केली, एका लायसन्सवर 50 पिंजरे, त्याच भागातल्या व्यापारी लायसन्सवर 375 ते 400 असतात. तरी बिगरमोसमात पकडतात म्हणून बाकीचे मच्छीमार चवताळले आणि ऑक्टोबरात शेवंड ठेवायची एक मोठी शेड जाळली गेली. नुसता हक्क धरून बसायचं तर हे सोसायची तयारी लागते.

पण पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. 2021 च्या जानेवारीत सात मिकमाक समाजांनी मिळून क्लिअरवॉटर या मोठ्या सीफूड कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला, 25 कोटी कॅनेडियन डॉलर कर्ज काढून, 30 वर्षांत फेडायचं. हा सौदा सरकारशी नव्हताच, सरळ कंपनीतला हिस्सा विकत घेतला, त्यामुळे तहातला हक्क सोडावा लागला नाही. कर्जाची टांगती तलवार आहेच, पकड कमी झाली की हप्ता थांबत नाही.

माझं मत म्हणाल तर घरातून बोट अजून समुद्रात जात असेल तर आधी समुद्रावरची वाट मागा, पैसे नंतर. वरळी कोळीवाड्याने कोस्टल रोडच्या वेळी तेच लावून धरलं, पुलाच्या खांबांमधलं अंतर 60 मीटरवरून 120 झालं, मागणी त्याहून जास्तीची होती पण बोट जाईल एवढी जागा तरी सुटली. पुढची पिढी धंद्यात राहणारच नसेल तर माओरींसारखा हिस्सा बरा, फक्त वाटणी कशी करायची ते सह्या करायच्या आधीच गावात बसून लिहून घ्या. आणि कागदावर 'सर्व दावे कायमचे निकाली' अशी ओळ दिसली तर त्या दिवशी सही करू नका, कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा.