स्मोक टेस्टर: ८ महिने वापरल्यानंतर

स्मोक टेस्टर म्हणजे इंजिनात धूर सोडून हवा कुठून गळतेय ते शोधायचं यंत्र. मे महिन्यात मी घरीच गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनाला हवा पोचवणारा भाग) गॅस्केट बदललं. गाडी १४ वर्षं जुनी, पेट्रोल. काम मनासारखं झालं होतं. पण दुसऱ्याच दिवशी बेळगावात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटवर थांबलो आणि रेस आपोआप वर-खाली व्हायला लागली. गेट उघडेपर्यंत गाडी २ वेळा बंद पडली. संध्याकाळी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर कोड पी०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

फ्यूल ट्रिम (इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) आयडलला, म्हणजे रेस न देता, +२४ टक्के होता, २५०० आरपीएमवर रेस धरली की +६. इथेच खात्री पटली, कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे एमएएफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणारा) न मोजलेली हवा तेव्हाच जास्त जाणवते. थ्रॉटल (हवेची झडप) उघडला की तेवढीच गळती एकूण हवेत किरकोळ ठरते. पेट्रोल पंप कमजोर असता तर आकडा उलट लोडवर वाढला असता.

पण हवा शिरतेय कुठून? चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून बघायची पद्धत आहे. आगीची भीती असते, मी ती करत नाही. साबणाचं पाणी तर आतच ओढलं जातं, बुडबुडे येणार कुठून? म्हणून साडेचार हजारांचा हा टेस्टर मागवला. डब्यात बेबी ऑइल, आत ग्लो प्लग, बॅटरीच्या १२ व्होल्टवर धूर तयार होतो. इनटेक पाइपचं तोंड बंद करायचा सोबतचा रबरी कोन माझ्या गाडीला बसेना. उद्यमबागेतल्या एका टर्नरकाकांनी नायलॉनचं उतरतं बूच करून दिलं, आजही तेच वापरतोय.

इंजिन बंद आणि थंड असताना ब्रेक बूस्टरची नळी काढून मॅनिफोल्डच्या त्या तोंडातून धूर सोडला. शेडचं दार लावलं, दिवा बंद केला, टॉर्च तिरकी धरली. ३-४ मिनिटांनी मॅनिफोल्डच्या खालून दोऱ्याएवढा धूर वर आला. नवं गॅस्केट ठीक होतं. पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारी) कोपऱ्यात चिरली होती, आणि ती मीच काम करताना पक्कडीने ओढली होती. सरळ असताना चीर मिटलेली दिसायची, बोटाने वाकवली की तोंड उघडायचं. नुसतं बघून ती कधीच सापडली नसती.

बाजारातली पाण्याची साधी रबरी नळी कापून बसवली. ट्रिम +३ वर आला, मी खूश. ऑगस्टअखेर परत +१५! इंजिनातल्या ऑइलच्या वाफेने ती नळी फुगून मऊ पडली होती, क्लिपखाली बोटाने फिरत होती. मग याच गाडीची वळण असलेली नळी मागवून घेतली. त्यानंतर चोर्ला घाट उतरून २ वेळा पणजीला जाऊन आलो. बॅरोमेट्रिक प्रेशर (हवेचा दाब) बेळगावात ९२ किलोपास्कलच्या आसपास, खाली १०१, तरी ट्रिम ४ टक्क्यांच्या आत राहिला. म्हणून सांगतो, नळी बदलली की महिन्या-दोन महिन्यांनी आकडा परत बघाच.

खानापूरच्या दाजींच्या गाडीत एमएएफऐवजी एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे. तिथे ट्रिम जवळपास बरोबर होता, पण आयडल १२०० वर अडकलेला. अशा गाडीत बाहेरची हवा शिरली की सेन्सरला वाढलेला दाब दिसतो आणि ईसीयू पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे ट्रिमवरून फारसं कळत नाही. धूर थ्रॉटल बॉडीच्या गॅस्केटमधून निघाला. "आत्तापर्यंत ३ गॅरेजं फिरलो रे," दाजी म्हणाले.

तक्रारी आहेत. प्रेशर गेज नाही, मी वेगळा लावून घेतला. १ पीएसआयच्या वर जाऊ देत नाही, सील खराब होतात. गॅरेजच्या कंप्रेसरला थेट जोडायचं तर नावच काढू नका. पावसाळ्यात इथला वारा उघड्यावर धूर टिकू देत नाही, बंदिस्त जागा हवीच. १० मिनिटांनी धूर पातळ होतो, थोडं थांबावं लागतं. बॅटरीच्या क्लिपा मात्र अगदीच पातळ पत्र्याच्या आहेत, त्या आल्या आल्या बदलून घ्या.