१५०-६०० झूम: आठ महिने होडीत, आणि तो एक खटका

लांबचं जवळ ओढणाऱ्या या १५०-६०० मिलिमीटरच्या झूम लेन्सला पाचपैकी एक तारा देणार होते. मग चिडून शून्य द्यायचं ठरवलं. आता चार देतेय, आणि पाचवा का नाही ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

वजन, काचा, फिल्टरचं माप वगैरे तुम्ही आधीच पाठ केलं असणार, ते पुन्हा सांगत नाही. माझा वापर कसा आहे तेवढं सांगते. मी होडीत बसून शिकारी पक्षी टिपते. मुख्यतः मासे धरून जगणारा ऑस्प्रे, मग ब्राह्मणी घार, समुद्र गरुड, आणि लव्हाळ्यावरून तरंगत जाणारे दलदली भोवत्ये. बसलेला पक्षी मला नको असतो. तो पाण्यावर झेपावतो तेवढ्या दोन-तीन सेकंदांसाठीच ही लेन्स घेतली. आठ महिन्यांत बावीस फेऱ्या झाल्या.

पहिले दोन महिने दृष्ट लागावी असे गेले. तिसऱ्या महिन्यात दृष्ट लागली.

ऑस्प्रे मासा धरतो कसा ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे. वाऱ्याकडे तोंड करून एका जागी पंख मारत थांबतो, थोडा खाली येतो, परत थांबतो, आणि मग पंख मागे ओढून सुटतो. अगदी शेवटी पाय पुढे येतात, डोक्याच्याही पुढे, आणि पक्षी पाण्यात जातो. हा थांबण्यापासून सुटण्यापर्यंतचा भाग माझ्याकडे स्वच्छ यायचा. नंतर पाणी उडालं की लेन्स पक्षी सोडून एकदम फोकसच्या जवळच्या टोकाला पळायची, तिथून चाचपडत परत यायची, आणि येईपर्यंत पक्षी मासा घेऊन वर निघालेला असायचा. एका सकाळची मालिका अजून जपून ठेवली आहे: पहिले नऊ फोटो धारदार, पुढचे सतरा नुसतं दूध, आणि शेवटच्या तिनांत पाण्यावरची वर्तुळं. वर्तुळं मात्र काय सुरेख आलीत!

आणि हे रोज होत नव्हतं. रोज झालं असतं तर परत करून मोकळी झाले असते. एका फेरीत उत्तम, पुढच्या फेरीत तीन झेपा वाया, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा उत्तम. घरी गच्चीवरून घारींवर तपासावं तर एकदाही चुकायची नाही.

मग सुरू झालं चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी नावाड्यावर चिडले, होडी फार डुलते म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पाणी आहे, डुलणारच." मग कॅमेऱ्यावर संशय घेतला, मग हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरवर. तो बंद करून पाहिला, पॅनिंगच्या, म्हणजे पक्ष्यामागे लेन्स फिरवण्याच्या, मोडवर टाकून पाहिला. मग ऊन चढल्यावर पाण्यावर जी हवा थरथरते तिला बोल लावला. ती थरथर खरीच असते. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की लांबचा पक्षी कितीही महागड्या काचेतून पिठूळच दिसतो. पण तिच्यामुळे सगळे फोटो सारखे मऊ येतात, सतरा फोटो दुधात बुडत नाहीत.

शेवटी लेन्स सर्व्हिसला दिली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. आणि सफाईचे पैसे. मी सफाई मागितली नव्हती. फोनवर अर्धा तास वाद घातला. पलीकडचा माणूस दर दोन वाक्यांनी मला विचारत होता, "मॅडम, तुम्ही फास्ट मूव्हिंग सब्जेक्ट शूट करता का?" नाही हो, मी सहाशे मिलिमीटरवर फुलदाण्या काढते. सफाईचे पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. एक ताऱ्याचा शून्य झाला तो त्या दिवशी.

पाचव्या महिन्यात कळलं, तेही अपघाताने. पक्षी नव्हता, ढग आले होते, वेळ घालवायला लेन्सच्या नळीवरची मिठाची पुटं ओल्या फडक्याने टिपत होते. फोकस लिमिटरचा, म्हणजे लेन्सने किती अंतरांतच फोकस शोधायचा ते ठरवणारा, खटका मी नेहमी 'दहा मीटर ते अनंत' वर ठेवते. तो 'पूर्ण'वर होता. मी हलवला नव्हता. परत जागेवर आणला, लेन्स पट्ट्याने लटकवून काखेशी घेतली, दहा मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा 'पूर्ण'वर!

लाइफ जॅकेट. जॅकेटच्या बाजूची बकल बरोबर त्या खटक्यावर येते. होडी एकदा इकडे झुकते, एकदा तिकडे, आणि दर झोक्याला बकल खटक्याला हळूच ढकलते. गच्चीवर मी लाइफ जॅकेट घालत नाही. सर्व्हिसवालेही बहुधा घालत नसावेत. काखेत कळसा म्हणतात तो माझ्या बाबतीत खरोखरच काखेत होता.

आता एवढ्याशा खटक्याचं एवढं काय, असं वाटेल. लिमिटर नीट असेल तर फोकस सुटला तरी लेन्सला दहा मीटरच्या अलीकडे जायची मुभाच नसते. ती लांबच्या पट्ट्यातच थोडी हलते आणि पक्षी परत पकडते. 'पूर्ण'वर असेल तर समोर उडालेल्या पाण्यावर घसरून थेट नाकाजवळचं काहीतरी शोधायला जाते. नाकाजवळून अनंतापर्यंत परत यायला एक सेकंद म्हणा. ऑस्प्रे पाण्यात पडून पंख झटकत वर यायला फार वेळ घेत नाही, आणि त्यातला तो एक सेकंदच मला हवा असतो. जमिनीवरच्या फोटोग्राफरला हा फरक वर्षभर कळणार नाही. पार्श्वभूमीला आकाश असेल तर लेन्सला घसरायला काही नसतंच. होडीतून मात्र मागे लाटा, पुढे तुषार, सगळीकडे चमक. फोकसला भुलवायला पाण्याइतकं वाईट काही नाही.

माझी तक्रार साधी आहे. झूमला कुलूप दिलंय, ते मी आठ महिन्यांत दोनदा वापरलं असेल. ज्या खटक्यावर फोटो येणार की जाणार हे ठरतं, त्याला मात्र अडणी नाही, खाच नाही, आणि तो नळीच्या वर असा उचललेला की शर्टाच्या बटणालाही अडकेल. बनवणाऱ्याने ही लेन्स टेबलावर ठेवूनच तपासली असावी.

उपाय: काळी कापडी चिकटपट्टी, बोटभर. चार ताऱ्यांमागचं कारण तेवढंच. पट्टी लावल्यापासून सहा फेऱ्या झाल्या, आणि पाणी उडाल्यावर लेन्स पळाली असं एकदाही झालेलं नाही. पक्षी चौकटीतून सुटला ते वेगळं, तो माझा दोष.

म्हणून बाकीच्या गोष्टींबद्दलही मत बदलावं लागलं. स्टॅबिलायझरला मी उगाच शिव्या दिल्या. १/३२०० सेकंदाच्या शटरवर त्याचा फोटोला फारसा उपयोग नसेल, पण सहाशेवर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थोडं स्थिर राहतं, डुलत्या होडीत पक्षी शोधायला तेवढं पुरतं. झूमलाही मी कमी लेखत होते. जवळपास त्याच पैशांत जुनी, झूम नसलेली एका लांबीची लेन्स (प्राइम) मिळत होती आणि ती नक्कीच जास्त धारदार असती. पण होडीत मागेपुढे सरकता येत नाही. ऑस्प्रे मासा घेऊन कधीकधी सरळ अंगावर येतो, माशाचं तोंड पुढे धरून, आणि झूम साडेतीनशेवर आणता आलं नाही तर पंखच कापले जातात. मोठ्या प्राइमचा मोह अजूनही होतो. पण तेवढे पैसे मिठाच्या तुषारात नेऊन बसायची माझी छाती नाही.

ट्रायपॉडबद्दल विचारणाऱ्यांना: होडीत नको. इंजिनाची सगळी थरथर तीन पायांवरून लेन्समध्ये येते. हातात धरा, कोपर बरगड्यांशी, बैठक खाली. इंजिन बंद. दोन किलो हातात धरून ऑस्प्रेचं ते थांबणं संपायची वाट पाहणं म्हणजे काय ते तुमच्या खांद्याला विचारा. मी आता तो खाली यायला लागल्यावरच लेन्स उचलते. उजेडाचं मोजमाप कॅमेऱ्यावर सोडू नका. पक्षी आकाशातून काळ्या पाण्यावर येतो तेव्हा कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर गोंधळतो आणि पांढरी छाती नुसती पांढरीफटक येते, पिसं दिसत नाहीत. आणि नावाड्याशी भांडू नका. वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी येतील अशी होडी लावणारा नावाडी कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाचा. वाऱ्याकडे तोंड करणारा पक्षी मग आपोआप तुमच्याकडे तोंड करतो. माझ्या नावाड्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

मासे फेकून पक्षी जवळ बोलावण्याबद्दलही विचारणा होते. जपानच्या राउसुला हिवाळ्यात होड्यांवरून मासे टाकतात आणि स्टेलर्स समुद्र गरुड हिमखंडांवर येऊन बसतात, फोटो अप्रतिम मिळतात. मला जमत नाही. मेलेला मासा उचलणारा गरुड आणि शोधून धरलेला मासा यांत फोटोत फरक दिसतो असा माझा हट्ट आहे. घरच्यांना दिसत नाही.

काल फेरीवरून आल्यावर पट्टी बदलायला काढली. खाली चिकट काळा थर राहिलाय, नखाने निघत नाही. लेन्स पुढेमागे विकायची झाली तर घेणारा त्या डागावरून भाव पाडणार हे नक्की. कंपनीला खटक्याला अडणी द्या म्हणून कळवलं होतं, त्यांनी आभार मानून पुन्हा विचारलंय: मॅडम, तुम्ही फास्ट मूव्हिंग सब्जेक्ट शूट करता का?