आईच्या फोनवर येणारा शाळेचा निरोप : हायस्कूलच्या पालक-गटाचा आठ महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस भागात आमचं गाव आहे. मुलगी नववीत शिकते. शाळा शेजारच्या मोठ्या गावात आहे, अनुदानित, आठवी ते दहावी. जुलैपासून या शाळेनं पालकांपर्यंत निरोप पोहोचवायची पद्धत पार बदलली. व्हॉट्सॲपवर वर्गवार गट केले, त्यात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय ठेवली, आठवड्यातून दोनदा सरांच्या किंवा मॅडमच्या आवाजात निरोप येतो, आणि महिन्यातून एकदा शिक्षक एखाद्या गावात येऊन पालकांची बैठक घेतात. पालक-शिक्षक संघाची सहसचिव म्हणून मी या कामात सुरुवातीपासून आहे आणि आई म्हणून रोज वापरतेही आहे. इतर गावांतले पालक आणि शिक्षक विचारतात, आम्ही करावं का? करा. पण नुसता गट काढून काही होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे समजून घ्यायला हवं की हायस्कूलला गेलेल्या मुलाचे आईबाप शाळेपासून तुटतात कुठे. गावातल्या जिल्हा परिषद शाळेशी आपलं नातं असतं. मास्तर पारावर भेटतात, शाळा हाकेच्या अंतरावर असते, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्या गावातल्या दोन-तीन बाया त्या समितीत होत्या, पोषण आहाराच्या तांदळापासून संडासाच्या दारापर्यंत सगळ्यावर बोलायच्या. त्याच बाया मूल हायस्कूलला गेल्यावर एकदम गप्प झालेल्या मी पाहिल्या. शाळा दुसऱ्या गावात, संस्थेची. तिथं कोणाला विचारायचं, ते कळत नाही. आणि त्या कायद्याची मर्यादा आठवीपर्यंतच आहे. नेमकं नववी-दहावीत, जेव्हा चुकलेल्या एका तारखेची किंमत मोठी असते, तेव्हाच घर अंधारात राहतं.

गेल्या वर्षी शाळेनं एका कंपनीचं ॲप घेऊन पाहिलं होतं. हजेरी, गुण, सूचना सगळं त्यात. दिसायला छान होतं. पण ओटीपी यायचा वडिलांच्या नंबरवर, आणि वडील ट्रॅक्टर घेऊन बाहेरगावी किंवा पुण्याकडे कामाला. पासवर्ड मुलांनाच ठाऊक, सूचना इंग्रजीत. म्हणजे घरात शाळेची जी काही माहिती यायची, ती मुलगा सांगेल तेवढीच. त्याबरोबर एक मोकळा व्हॉट्सॲप गटही होता, ज्यात कोणीही काहीही टाकायचं. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि त्याखाली कुठेतरी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख. सरकारी परिपत्रकं तशीच्या तशी पीडीएफ करून यायची. ती कोण उघडणार?

यंदा शाळेनं पहिली गोष्ट बरोबर केली ती प्रवेशाच्या वेळी. आमच्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तेव्हा पेरण्या चाललेल्या असतात, तरी मुख्याध्यापक सरांनी प्रत्येक मुलाचे दोन नंबर मागितले. एक घरात कायम राहणाऱ्या फोनचा, एक वडिलांचा. आणि शेजारच्या रकान्यात लिहून घेतलं की फोन संध्याकाळी कोणाजवळ असतो, घरी मराठी बोलतात की गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आणि साधा फोन आहे की स्मार्टफोन. एवढ्या एका कागदानं निम्मं काम झालं असं माझं मत आहे. ग्रामीण भागात घरोघरी स्मार्टफोन पोहोचला आहे हे खरंच आहे. २०२३ च्या 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतही, पाहिलेल्या जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी तो सापडला. पण घरात फोन असणं आणि आईच्या हातात फोन असणं यात फार अंतर आहे. आमच्या भागात पोराची फी, पोरीची सुट्टी, कागदपत्रं, हे सगळं आईच बघते, आणि शाळेच्या यादीत तिचाच नंबर नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोप रात्री साडेआठच्या सुमाराला येतो. ही वेळ बायांनीच ठरवली. निंदण असो की कापूस वेचणी, बाई सकाळी वावरात जाते ती दिवस मावळताना परतते. मग चूल, पाणी, जेवणं. दुपारी दोनला आलेला संदेश रात्रीपर्यंत इतर गटांच्या खाली गाडला जातो. साडेआठला ती टेकलेली असते आणि फोन जवळ असतो.

तिसरी आवाजाची. सर एक मिनिटात बोलतात, दवंडीसारखं : काय आहे, कोणत्या तारखेला, काय आणायचं, अडचण आली तर कोणाला फोन करायचा. एका निरोपात एकच विषय. वाचता न येणारी सासूसुद्धा ऐकते आणि दुसऱ्या दिवशी सुनेला आठवण करून देते. तांड्यावरच्या घरांसाठी तोच निरोप गोरमाटीत येतो. आमच्याच शाळेत शिकून गेलेला एक मुलगा तो बोलून पाठवतो. तांड्यावरच्या एका आजीनं मला सांगितलं की शाळेतून आपल्या बोलीत कोणी बोललेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं. तिचा नातू दहावीत आहे आणि तिच्या घरातून याआधी कोणीच दहावीपर्यंत पोहोचलेलं नाही.

फरक काय पडला, तर सगळ्यात आधी एनएमएमएस. आठवीच्या मुलांसाठी ही केंद्राची शिष्यवृत्ती आहे. परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के सवलत), आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. आमच्याकडची किती घरं यात बसतात बघा. तरी आजवर ही सूचना वर्गात वाचून दाखवली जायची आणि तिथेच राहायची, कारण तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो एका दिवसात हातात पडत नाही. यंदा दाखल्याचा निरोप अर्ज सुरू व्हायच्या कितीतरी आधी आला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक शेजारीण मला विचारत होती, "वहिनी, आठवीतल्या पोरीले वर्साचे बारा हजार भेटते म्हणे, खरं हाय का?" मी हो म्हटलं, तशी ती त्याच आठवड्यात नवऱ्याला घेऊन सेतू केंद्रात गेली. आणखी एक सांगते. शिष्यवृत्ती लागल्यावर राष्ट्रीय पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. परीक्षेत निवड होऊनही पुढच्या वर्षी पैसे थांबतात ते बहुतेक इथेच. आमच्या नववी-दहावीच्या गटांवर हा निरोप वेगळा दिला गेला.

दहावीच्या पालकांना प्री-लिस्टचा फार उपयोग झाला. बोर्डाकडून येणाऱ्या यादीत मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते. मुलं घाईत सही करून मोकळी होतात. सरांनी निरोप दिला की आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवा आणि घरचं एक माणूस येऊन यादी बघून जा. आया आल्या. गुणपत्रिकेवर आपलं नाव छापून येतं हे काहींना तिथं कळलं, आणि ते नाव चुकलेलं त्यांनीच पकडलं. नंतर हेच दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. तसंच भाषेच्या पेपरात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे, हे बहुतेक घरांत माहीतच नव्हतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मूल कापूस वेचायला नेलं तर काय जातं, हे एकदा आवाजी निरोपात नीट सांगितल्यावर त्या आठवड्यातली हजेरी डोळ्यांना दिसेल इतकी सुधारली.

एखाद्या मुलाच्या गैरहजेरीचा विषय मात्र शाळेनं गटावर कधीच आणला नाही आणि ते मला सगळ्यात आवडलं. मूल सलग तीन दिवस आलं नाही की वर्गशिक्षक स्वतः फोन करतात, आणि पहिला प्रश्न "का पाठवत नाही?" असा नसतो. "घरी सगळं बरं आहे ना?" असा असतो. कोणाचे गुण, कोणाची फी बाकी, कोणाची तक्रार, गटावर काहीच नाही. त्याचबरोबर चांगल्या गोष्टीसाठीही फोन येतो. एका बापानं बैठकीत सांगितलं, "मले वाटे शाळेतून फोन आला म्हंजे पोट्ट्यानं काही केलं. यंदा सरनं सांगतलं का त्याचं चित्र जिल्ह्याले गेलं." तो माणूस त्यानंतर एकही बैठक चुकवत नाही.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की संध्याकाळची बस अलीकडूनच परत फिरते. पूर्वी मुली अंधार पडेपर्यंत फाट्यावर उभ्या राहायच्या आणि घरी कोणाला पत्ता नसायचा. आता शाळेचा निरोप येतो, मुली शाळेतच थांबतात, एक मॅडम सोबत राहतात, आणि गावातून एकजण गाडी घेऊन पलीकडच्या रस्त्यानं जातो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तरी मोठ्या झालेल्या मुलीला घरी बसवण्यामागे ही संध्याकाळची काळजी असते. ती काळजी थोडी जरी कमी झाली तरी मुलगी शाळेत टिकते, असं माझं ठाम मत आहे.

गावात येऊन घेतलेल्या बैठका हा या सगळ्याचा जीव आहे. शाळेत बैठक ठेवली की येणारे पालक बोटांवर मोजावेत इतके, कारण दिवसाची मजुरी बुडते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर किंवा तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर संध्याकाळी बसलो की बाया लेकरांसकट येतात. तिथे शिक्षक आधी ऐकतात. स्नेहसंमेलन ऐन वेचणीच्या धांदलीत नको, पुढे ढकला, हे पालकांनी सांगितलं आणि शाळेनं ऐकलं. एका बैठकीत गुलाबी बोंडअळीवर बोलणं निघालं. २०१७ मध्ये तिनं विदर्भातला कापूस खाल्ला, ती आठवण सगळ्यांनाच आहे. विज्ञानाच्या मॅडमनी तिथल्या तिथे एका शेतकरी भाऊंना वर्गावर बोलावलं. ते डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं), किडकी बोंडं आणि पतंगाला वासानं ओढणारा कामगंध सापळा घेऊन गेले आणि मुलांना दाखवलं की नर पतंग सापळ्यात का येतो, अळी बोंडात कशी शिरते, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून घेतलेला कापूस, का घ्यायची नाही. भाऊंचं स्वतःचं शिक्षण सातवी. माझी मुलगी घरी येऊन तासभर त्यावरच बोलत होती. पालकाला शाळेत बोलवायचं ते फी आणि तक्रारीसाठीच, ही सवय अशा एका तासानं मोडते.

आता अडचणी. सुरुवातीच्या साध्या गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसायचा. एका ताईंना अनोळखी माणसाचे नको ते फोन येऊ लागले आणि त्या गटातून निघून गेल्या. मग शाळेनं व्हॉट्सॲपचीच कम्युनिटीची सोय घेतली. तिथल्या घोषणांच्या गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. हे पहिल्या दिवसापासून करा, विशेषतः आयांचे नंबर घेणार असाल तर. व्हॉट्सॲपवर मत विचारायची मतदानाची सोय आमच्याकडे चालली नाही, कारण वाचून बोट लावणं अनेकींना जमत नाही. त्याऐवजी सरांना आवाजात उत्तर पाठवणं किंवा मिस कॉल देणं सोपं पडतं. काही मुलं आईच्या फोनवरून निरोप ऐकण्याआधीच पुसून टाकतात. त्यावर उपाय म्हणून महत्त्वाचा निरोप दोन्ही नंबरांवर जातो आणि गावातल्या एका पालकाकडेही असतो. साध्या फोनवाल्या घरांना तोच पालक घरी जाऊन सांगतो. आमच्या गावात ते काम माझ्याकडे आहे. दोन वस्त्यांवर रेंजच नाही, तिथे अजूनही चिठ्ठीच चालते.

शिक्षकांवरचा भार ही मात्र खरी काळजी आहे. रात्री साडेआठला निरोप देणं, नंतर येणारे फोन घेणं, रविवारी गावात जाणं, हे सगळं ते आपल्या वेळेतून करतात. त्यावर त्यांना ऑनलाइन माहिती भरण्याची शंभर कामं असतात. पालक म्हणून आपण एवढं तरी पाळावं की नऊनंतर फोन करायचा नाही, आणि जे शेजारणीला विचारून कळतं ते सरांना विचारायचं नाही. आमच्या बैठकीत हे आम्ही ठरवून घेतलं आहे.

पुढच्या वर्षासाठी एक काम अडलेलं आहे. गोरमाटीत निरोप बोलणारा मुलगा आता आयटीआयला बाहेरगावी जाणार. त्याच्या जागी तांड्यावरच्याच दोन बायांनी हे काम घ्यावं असं आम्ही म्हणतो आहोत. एक तयार आहे, दुसरीला आवाज रेकॉर्ड करायला शिकवायचं आहे. त्यासाठी तांड्यावर बैठक होळीनंतर ठेवली आहे, कारण होळीच्या दिवसांत तिथे दुसरं काही चालत नाही.