निकाल लॅमिनेट करून ठेवला होता

मी पतसंस्थेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना पावत्या देते आणि संध्याकाळी पाच रुपयांचा जरी फरक आला तरी तो सापडल्याशिवाय उठत नाही. तीच मी घटस्फोट मिळवून देतो म्हणणाऱ्या एका माणसाला चौसष्ट हजार रुपये देऊन बसले, आणि त्यातल्या एका रुपयाचीही पावती माझ्याकडे नाही. हे लिहायला मला दोन वर्षं लागली. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. २०१७ साली बेंदराला गावी आला, बैलांच्या मिरवणुकीत नाचला, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कामावर निघाला तो गेलाच. पंधरा दिवसांनी कळलं की वाशीतल्या टोळीतून तो बेंदराच्या आधीच हिशोब घेऊन मोकळा झाला होता. फोन बंद. सासरचे म्हणाले, आम्हाला तरी कुठं ठाऊक. सहा महिने तिथंच काढले, मग दादा येऊन कराडजवळच्या माहेरी घेऊन आला. पुढे कुणी म्हणायचं सुरतेला दिसला, कुणी म्हणायचं तिकडं संसार थाटलाय. आमच्याकडे अशा बाईला लोक म्हणतात, "ती नांदत नाही." पळाला तो, आणि नांदत नाही मी!

चार वर्षं अशीच गेली. सात वर्षं झाली की बाई आपोआप मोकळी होते, असं गावात सगळेच सांगत. ते खोटं आहे, हे मला फार उशिरा कळलं. सात वर्षं माणूस जिवंत असल्याचं कुणाच्याच ऐकण्यात नसेल, तर ते घटस्फोटाचं एक वेगळं कारण होतं, पण त्यासाठीही कोर्टातच जावं लागतं. आपोआप काहीच होत नाही.

२०२१ मध्ये दादाच्या ओळखीतल्या कुणीतरी "त्या माणसाचं" नाव सुचवलं. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीशेजारी तो बसायचा. पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फायलींचा गठ्ठा. काळा कोट मी त्याच्या अंगावर कधी पाहिला नाही, पण तेव्हा ते खटकलंच नाही. आबांना तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना आबा? ताईंना एकदाही चढावी लागणार नाही. ते माझ्याकडं लागलं."

मला नेमकं हेच हवं होतं. चारचौघांत उभं राहून "मला नवऱ्यानं टाकलं" हे बोलायचं नव्हतं. त्याने ते माझ्या तोंडावरून ओळखलं असणार, कारण पुढे प्रत्येक वेळी पैसे मागताना हे वाक्य तो आधी म्हणायचा.

सुरुवात आठ हजारांनी झाली. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर "फारकतनामा" टाइप केला, माझी सही, आबांची सही, दोन पंचांच्या सह्या, खाली नोटरीचा लाल शिक्का. आबांना ते लगेच पटलं. त्यांच्या लहानपणी जातीचे पंच बसून काडी मोडायचे आणि काडीमोड व्हायचा. नंतर मला खऱ्या वकील मॅडमनी समजावलं की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जुन्या रूढीचा घटस्फोट साफ पुसलेला नाही, पण तशी रूढी आपल्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. केंद्राच्या विधी खात्याला तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्या नोटरींना लेखी बजावावं लागलं की लग्नाची किंवा घटस्फोटाची कागदपत्रं करून देणं हे तुमचं काम नाही. म्हणजे माझ्यासारख्या किती जणी असतील बघा. आणि त्या कागदावर नवऱ्याची सहीच नव्हती! एकटीने सोडचिठ्ठी लिहून एकटीनेच मोकळं व्हायचं, हे आम्हाला कुणालाच विचित्र वाटलं नाही.

महिन्याभराने तो म्हणाला, यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब हवं. दावा दाखल करायचे पंधरा हजार. मी विचारलं, मला सहीला यावं लागेल का? तर म्हणे कोरोनामुळं सगळं ऑनलाइन आहे. त्या काळात कोर्टाची काही कामं खरंच व्हिडिओवर चालत होती, त्यामुळे विश्वास बसला. मग पेपरात नोटीस द्यायचे बारा हजार. एका साप्ताहिकात आलेलं कात्रण त्याने आणून दाखवलं, नवऱ्याच्या नावाची "जाहीर नोटीस". कोर्टाच्या हुकमाने निघणारी नोटीस वेगळी असते, त्यात कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर राहायची तारीख असते. यात तसलं काहीच नव्हतं.

मग पंचवीस हजार. हे लिहिताना आजही हात अडखळतो. "वरती द्यावे लागतात, नाहीतर तारखा पडत राहतील," असं तो म्हणाला आणि मी दिले. बांगड्या गहाण ठेवून दिले. आज वाटतं, त्याला पैशांइतकीच ही गोष्टही हवी होती. लाच दिली असं समजून बसलेली बाई तक्रार कुठं करणार? मीच गुन्हेगार आहे या भीतीने पुढचं वर्षभर मी त्याला जाब विचारला नाही. ते पैसे कुठल्याही साहेबाकडे गेले नव्हते, कारण साहेबासमोर दावाच नव्हता.

शेवटी नकलेचे चार हजार घेऊन त्याने "निकाल" दिला. दोन पानं, वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, इंग्रजीत सही. म्हणाला, "ताई, मोकळ्या झालात. उद्या लग्न केलंत तरी चालेल." मी तो बाजारपेठेत चाळीस रुपये देऊन लॅमिनेट करून घेतला आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला.

२०२२ च्या दिवाळीनंतर इस्लामपूरकडचं एक स्थळ आलं. बायको वारलेली, एक मुलगी. त्यांच्या बहिणीने कागद बघायला मागितला आणि तिथल्या तिथं विचारलं, "ताई, नक्कल कधी मागितली, कधी तयार झाली, कधी दिली, या तारखांचा शिक्का कुठाय?" त्या स्वतः जमिनीच्या दाव्यात दहा वर्षं कोर्टात खेटे घालत होत्या, त्यांना खऱ्या नकलेचं तोंड ओळखीचं होतं. त्यांच्या मुलाने मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. माझ्या नावाने काहीच नाही. कागदावरचा नंबर टाकला तर भावाभावांतला वाटपाचा दावा निघाला.

मी तशीच लग्नाला उभी राहिले असते तर? पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, आणि वर सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हा. त्या बाईंनी कागद उलटून बघितला नसता तर आरोपी मी झाले असते.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात शिरले. पहिल्यांदाच. तिथं तालुका विधी सेवा समितीची पाटी होती, इतके दिवस मी तिच्यापासून तीस पावलांवरच्या टपरीवर पैसे मोजत होते. बाईला उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. घटस्फोटाच्या अर्जाला महाराष्ट्रात बाईला कोर्ट फीसुद्धा माफ आहे. म्हणजे "दावा दाखल करायचे" म्हणून दिलेले पंधरा हजार कशाचे होते, ते समजा.

नेमून दिलेल्या वकील मॅडमनी आधी वकीलपत्रावर सही घेतली. त्या माणसाने असला कागद कधी पुढं केलाच नव्हता. मग विचारलं, "तो गेला ती तारीख सांगा." त्याने हेही कधी विचारलं नव्हतं. आधार कार्ड, फोटो आणि लग्नपत्रिका एवढ्यावर त्याचं भागलं होतं. पण जोडीदार सोडून गेला या कारणावर घटस्फोट मागायचा तर अर्ज करण्याच्या आधी सलग किमान दोन वर्षं त्याने टाकलेलं असावं लागतं. नुसतं लांब राहणं पुरत नाही, संसार कायमचा सोडायचा त्याचा इरादा होता हेही दाखवावं लागतं. बेंदराच्या आधीच त्याने हिशोब घेतला होता, ही गोष्ट मॅडमनी पकडली. मी सासरच्या पत्त्यावर पाठवलेली आणि परत आलेली दोन रजिस्टर पत्रं कपाटात होती, ती कामाला आली. अर्ज माहेरच्या कोर्टात करता आला, कारण २००३ पासून बायको जिथं राहते तिथंही अर्ज चालतो.

समन्स घेऊन बेलीफ गेला आणि "सदर इसम या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून आला. मग कोर्टाने पेपरातून नोटीस द्यायची परवानगी दिली. तो आला नाही. एकतर्फी आदेश झाला तरी मला सुटका नव्हती: सरतपासाचं प्रतिज्ञापत्र (म्हणजे शपथेवर लिहून दिलेली माझी साक्ष), मूळ कागद, आणि पिंजऱ्यात उभं राहून "हे माझंच म्हणणं आहे" असं सांगणं. अर्जदार बाईने तोंडच न दाखवता घटस्फोट मिळत असेल असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. आणि ज्या चारचौघांना मी भीत होते ते तिथं नव्हतेच. हे दावे बंद दालनात चालवायचे, असं हिंदू विवाह कायद्याचं बाविसावं कलम सांगतं. जज्ज बाई होत्या. पाणी हवं का विचारलं. दहा मिनिटं लागली असतील.

चौदा महिन्यांनी हुकूमनामा हातात आला. मॅडम म्हणाल्या, लगेच लग्नाचं बोलू नका, अपिलाची नव्वद दिवसांची मुदत जाऊ द्या. "उद्या लग्न करा" म्हणणारा आठवला.

पोलिसांत तक्रार दिली. पंचवीस हजारांचंही सांगितलं. तपासात त्याच्याकडे वकिलीची सनद नसल्याचं निघालं. बाकी सगळं रोख दिलं होतं, पण नोटिशीचे बारा आणि नकलेचे चार हजार मी फोनवरून त्याच्या बायकोच्या नंबरला पाठवले होते, तेवढाच धागा पोलिसांच्या हाती लागला. अठरा हजार तीन हप्त्यांत परत आले, बाकीचे नाहीत. माझ्यानंतर आणखी दोघी पुढं आल्या, त्यातली एक लग्न करून बसली होती. तिचं काय झालं ते तिचं तिने सांगावं, मी सांगणार नाही.

लॅमिनेट केलेला निकाल पोलिसांनी पंचनामा करून नेला. खटला त्याच आवारात चालू आहे आणि मी त्यात साक्षीदार आहे. समन्स आलं की पतसंस्थेत रजा टाकते आणि जाते.