बर्डीवर जुन्या अल्बमचे स्कॅनिंग : टिफ मागितले, मिळाले ते काय?

सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत मी गेल्या महिन्यात आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बममधील ६२ छायाचित्रे स्कॅन करून घेतली. स्टुडिओचे नाव मुद्दाम देत नाही, कारण झालेली चूक त्यांनी निस्तरली आणि ती अन्यत्रही सहज होऊ शकते.

हाताळणीबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. नागपूरचे कित्येक उन्हाळे सोसून अल्बमच्या चिकट पानांत रुतून बसलेले फोटो तिथल्या काकांनी दात साफ करायच्या दोऱ्याने एकेक करून सोडवले आणि एकाचाही कोपरा दुमडू दिला नाही. जेपेग आणि टिफ हे चित्र साठवायच्या फाइलींचे दोन प्रकार; दर जेपेगसाठी प्रतिफोटो १५ रुपये आणि टिफसाठी ३० रुपये होता. मूळ प्रत जपून ठेवायची असल्याने मी टिफ सांगितले. जेपेगमध्ये फाइल लहान करण्यासाठी डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील कायमचा वगळला जातो आणि फाइलमध्ये फेरफार करून ती पुन्हा पुन्हा जतन केली की ही गळती वाढत जाते. टिफमध्ये मात्र स्कॅनरने टिपलेले सारे काही जसेच्या तसे साठवता येते. ४ बाय ६ इंचांचा रंगीत फोटो ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके टिपून, स्कॅन केल्यास २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात आणि प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरल्यास न दाबलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबीची भरते.

माझ्या फाइली तेवढ्याच भरल्या, म्हणून मी निर्धास्त होतो. घरी आईच्या शालूचा जरीकाठ ४०० टक्के मोठा करून पाहिला, तेव्हा बुट्ट्यांभोवती बारीक चौकोन उमटलेले दिसले. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून ते दाबते. हे चौकोन त्याचीच खूण. स्कॅनरवर जेपेग निवडलेले होते आणि त्याच फाइली नंतर संगणकावर टिफ केल्या होत्या.

काकांना दाखवल्यावर ते म्हणाले, "भाऊ, फाइलीच्या मागे टिफच तर लिहून आहे न!" ते खोटे बोलत नव्हते; फाइल टिफच होती. पण पाणी घातलेले दूध पितळेच्या कासंडीत ओतले म्हणून त्यातले पाणी निघून जात नाही. हे पटल्यावर त्यांनी दोन दिवसांत सर्व फोटो पुन्हा, विनामूल्य स्कॅन करून दिले. आता जरीचे धागे सुटे दिसतात.

बाकी कामात त्यांची जाण दिसली. मुखपृष्ठावरील सुलेखनाची पार्श्वभूमी पारदर्शक हवी होती, ती त्यांनी न सांगता पीएनजीमध्ये दिली, कारण जेपेगला पारदर्शकता पेलत नाही. भाच्याला हवी असलेली जीआयएफ त्यांनी या प्रकारात मावणाऱ्या जेमतेम २५६ रंगांत चेहरे डागाळतील, असे सांगून टाळली. मात्र नमुना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून न पाठवता फोटो म्हणून पाठवला, त्यामुळे तो लहान होऊन आला आणि परीक्षणाच्या कामाचा उरला नाही.

पुढच्या महिन्यात आत्याचा अल्बम तिथेच नेणार आहे; पहिला फोटो काचेवर ठेवण्याआधी स्कॅनरच्या पडद्यावर कोणता प्रकार निवडला आहे, ते शेजारी उभा राहून पाहीन.