बालसुधारगृहासाठी चित्रपटनिर्मिती की नाटक?

बालसुधारगृहात एकच कलाउपक्रम चालवण्याइतका निधी असेल आणि चित्रपटनिर्मिती व नाटक यांतून निवड करायची असेल, तर मुले तेथे साधारण किती काळ राहतात, हे आधी पाहावे. नाटकाला सलग तालमी लागतात आणि प्रयोगाच्या दिवशी सगळी पात्रे हजर असावी लागतात. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलाची आदल्या दिवशी सुटका झाली (ही खरे तर आनंदाचीच बातमी), तर इतरांची मेहनत अडून बसते. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी चित्रित होत असल्यामुळे गेलेल्या मुलाचे काम टिकते आणि नवा मुलगा क्लॅप देण्यापासून (प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला पाटी वाजवण्यापासून) सुरुवात करू शकतो.

खर्चात आणि सोयीत नाटक सरस आहे, कारण त्याला रिकामी खोलीही पुरते. चित्रपटासाठी कॅमेरा, मायक्रोफोन आणि इंटरनेट नसलेला संगणक लागतो, शिवाय प्रत्येक सत्रानंतर मेमरी कार्डे मोजून घ्यावी लागतात.

तरीही चित्रपटाचे पारडे जड होते ते संकलनामुळे, म्हणजे चित्रित तुकडे कापून जोडण्याच्या कामामुळे. अभिनेत्याचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याच्या दृश्याला जोडला तर भुकेला आणि शवपेटीच्या दृश्याला जोडला तर दुःखी वाटतो, हे लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने दाखवले होते. मुलांना हे स्वतः करून पाहता येते: दाराच्या कडीवर हात तीन सेकंद थबकलेला ठेवला, तर आत शिरणारा चोर वाटतो, तेवढाच तुकडा कापला, तर तो घरी परतलेला वाटतो. ज्यांच्याविषयीचे निष्कर्ष नेहमी इतरांनीच काढले, त्यांना निष्कर्ष कसा घडतो हे येथे हाताने तपासता येते. नाटकात हे थांबवून पुन्हा पाहणे नाही. मात्र गटातली भांडणे हीच मुख्य अडचण असेल, तर प्रतिस्पर्ध्याची भूमिका प्रत्यक्ष वठवायला लावणारी तालीम अधिक उपयोगी ठरते.

चित्रपटाची खरी जोखीम गोपनीयतेची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालन्यायविषयक 1985 च्या बीजिंग नियमांनुसार मुलाची ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करता येत नाही, आणि 1989 चा बालहक्क करारही खासगीपणाचा आदर बंधनकारक मानतो. प्रयोग संपतो, चित्रफीत मात्र उरते. सोळाव्या वर्षी दिलेली संमती पुढे नोकरी शोधताना गळ्यात अडकू शकते. चेहरा नंतर धूसर करणे पुरेसे नसते, कारण आवाज आणि गोंदणही ओळख देतात. म्हणून हात, सावल्या, पाठमोऱ्या आकृती आणि इतरांनी दिलेला आवाज यांवरच कथा रचावी. देणगीदाराला चेहऱ्यांसह महोत्सवात दाखवण्याजोगी फिल्मच हवी असेल, तर निःसंकोच नाटक निवडावे.

सहभाग दोन्हींत ऐच्छिकच हवा. कोठडीतील मुलांसाठीचे संयुक्त राष्ट्रांचे 1990 चे हवाना नियमही कलाकौशल्याचा वेळ मुलाच्या इच्छेवर सोडतात. मुक्काम काही आठवड्यांचाच असेल, तर लघुपटाचा हट्ट न धरता एका सत्रात चित्रण आणि पुढच्या सत्रात संकलन होईल एवढेच, मिनिटभराचे काम द्यावे.